रुमालाखालचा हात कुणाचा? कोल्हापुरातल्या एका व्याख्यानाचा प्रकरण अभ्यास

विषय होता आधुनिक क्रिप्टोग्राफी (निरोप गुप्त राखायचं शास्त्र) आणि तिच्या मुळाशी असलेलं गणित. जागा मंगळवार पेठेतलं एक सभागृह, वेळ संध्याकाळी सहाची. श्रोते नेहमीचेच: निवृत्त शिक्षक, एसटीतून आणि बँकेतून निवृत्त झालेली मंडळी, क्लासला दांडी मारून आलेली काही पोरं, आणि मागच्या रांगेत दोन-तीन इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, जे शेवटपर्यंत बसतील याची खात्री कुणी देऊ नये. वक्त्या एका कॉलेजात गणित शिकवतात, पूर्ण संख्यांच्या गणितावर त्यांचं संशोधन आहे. इथे त्यांना मॅडमच म्हणतो. मी व्याख्यानमालेच्या समितीवर आहे. गावोगावी असे कार्यक्रम घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नावावरून ताणाताणी

समितीला हवं होतं ‘ऑनलाइन फसवणूक: अशी घ्या काळजी’. पेठेत घरटी एक तरी माणूस असल्या फोनला बळी पडलेला किंवा थोडक्यात वाचलेला आहे, तेव्हा हॉल भरणार याची खात्री होती. मॅडमनी सरळ नकार दिला. ते काम सायबर पोलीस चांगलं करतात, १९३० हा हेल्पलाइनचा नंबर दारावर चिकटवा, त्यासाठी मला कशाला बोलावता, असं त्यांचं म्हणणं. त्यांना बोलायचं होतं अविभाज्य (मूळ) संख्यांवर. शेवटी तडजोडीत ‘फोनमधलं गणित: गुपित राहतं कसं?’ असं नाव ठरलं आणि पुढच्या घोटाळ्याचं बी तिथंच पेरलं गेलं. निम्मे लोक गणित ऐकायला आले, निम्मे आपले पैसे कसे वाचवायचे ते ऐकायला.

‘सामान्य श्रोत्यांना झेपेल असं बोला’ ही आमच्या सेक्रेटरींची नेहमीची सूचना. मला ती कधी पटली नाही. हे जयंत नारळीकरांचं जन्मगाव. त्यांनी आयुष्यभर मराठीत विज्ञान लिहिलं आणि इथल्या दोन पिढ्यांनी ते वाचलं. अशा गावात पातळ करून वाढलेलं लोकांना लगेच कळतं.

सुरुवात

पहिली वीस मिनिटं बेताचीच गेली. अक्षरं तीन घरं पुढे सरकवायची सीझरची युक्ती, मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी संदेश गुप्त करायला वापरलेलं एनिग्मा यंत्र, पोलंडच्या गणितज्ञांनी ते कसं फोडलं, वगैरे. स्क्रीनवर यंत्राचे फोटो होते. एनिग्माचा फोटो दाखवला की वक्त्याला बरं वाटतं आणि श्रोत्याला चहा आठवतो. तीन-चार जण उठून गेले ते याच वेळी, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मध्येच एका काकांनी विचारलं, “आमच्या पणजोबांची कागदं मोडीत आहेत, घरात कुणालाच वाचता येत नाहीत. ती पण गुप्तलिपीच की?” कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडून आहेत. मॅडमनी उत्तर चांगलं दिलं. मोडी शिकलेल्या कुणालाही ती कागदं वाचता येतात, म्हणजे तिथे गुपित असं काही नाही, फक्त वाचणारे कमी झालेत. चांगल्या क्रिप्टोग्राफीत पद्धत जगजाहीर असते आणि लपवायची फक्त किल्ली असते. ऑगस्ट केरकॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने हे १८८३ साली मांडलं आणि आजही व्हॉट्सॲपपासून बँकेपर्यंत सगळीकडे तेच चालतं.

मग प्रश्न आला तो किल्लीचा. किल्ली दोघांकडे हवी, तर ती पहिल्यांदा द्यायची कशी? इथे मॅडमनी जनावरांच्या बाजारातला सौदा काढला. दोन हेडी रुमालाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूला गर्दी असते, पण आकडा कुणाला कळत नाही. शेकडो वर्षं गुप्त संदेशांचं असंच चाललं होतं, आधी कुठंतरी हाताला हात लागावाच लागायचा. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दाखवलं, की हाताला हात न लावता, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडूनसुद्धा दोघांना गुप्त आकडा ठरवता येतो. ‘ओरडून’ म्हटल्यावर हॉल जागा झाला.

फळ्यावरचा एकोणीस

प्रोजेक्टर बंद झाला. फळ्यावर दोन आकडे आले: १९ आणि २. नियम एकच, उत्तर १९ च्या पुढे गेलं की १९ ने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची.

डाव्या बाजूला बसलेले एक निवृत्त गुरुजी आणि उजवीकडचे करवीर तालुक्यातून आलेले आण्णा, या दोघांना चिठ्ठीवर एकेक आकडा लिहून खिशात ठेवायला सांगितलं. गुरुजींनी ७ लिहिला, आण्णांनी ११. (हे आम्हाला नंतर कळलं.) मग प्रत्येकाने तितके २ घेऊन एकमेकांशी गुणायचे. गुरुजींचे १२८ झाले, त्यातून १९ सक ११४ गेले, बाकी १४. त्यांनी मोठ्यांदा सांगितलं, “चौदा!” आण्णांचं गणित शेजारच्या पोराने केलं, पण चिठ्ठी काही त्यांनी त्याला वाचू दिली नाही, नुसतं “अजून गुण, अजून गुण” म्हणत राहिले. २०४८ वर थांबले. बाकी १५. तेही मोठ्यांदा सांगितलं.

आता अदलाबदल. गुरुजींनी आण्णांचे १५ घ्यायचे आणि आपल्या खिशातल्या आकड्याइतके १५ एकमेकांशी गुणायचे. मॅडमनी वर्गाची युक्ती सांगितली आणि गुरुजींनी ती कागदावर गुपचूप चालवली: १५ चा वर्ग २२५, बाकी १६. त्याचा वर्ग २५६, बाकी ९. म्हणजे चौथा घात झाला. ९ गुणिले १६, १४४, बाकी ११, हा सहावा. ११ गुणिले १५, १६५, बाकी १३. पलीकडे आण्णा १४ घेऊन बसलेले. १९६ ची बाकी ६, ३६ ची १७, २८९ ची ४, हा आठवा घात. त्याला ६ ने आणि १४ ने गुणलं की अकरावा, ३३६, बाकी १३.

दोघांनी आपापल्या चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून वर धरलं. तेरा आणि तेरा. ते तेरा तोवर सभागृहात कुणीच उच्चारले नव्हते. टाळ्या पडल्या.

पण खरी मजा पुढे आली. नववीतला एक पोरगा वहीवर काहीतरी खरडत होता, तो उभा राहिला. “मॅडम, घावलं! गुरुजींचा सात हाय.” त्याने २ चे घात ओळीने लिहून काढले होते: २, ४, ८, १६, १३, ७, १४. सातव्या जागी चौदा. गुरुजींनी हसत चिठ्ठी दाखवली. मॅडमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्या याचीच वाट बघत होत्या. १९ सारख्या लहान आकड्याची यादी अठरा ओळींत संपते. खऱ्या वापरात त्या १९ च्या जागी सहाशेच्या वर अंकांची अविभाज्य संख्या असते. पुढे जाणं तिथेही सोपं, दोनेक हजार वेळा वर्ग करायचे आणि मधूनमधून गुणायचं, फोन ते क्षणात उरकतो. उलटं यायला, म्हणजे बाकीवरून खिशातला आकडा शोधायला, मात्र पोराची यादी कामाची नाही. ती लिहायला विश्वातला सगळा कागद पुरायचा नाही, आणि यादीपेक्षा हुशार ज्या रीती माहीत आहेत त्यासुद्धा एवढ्या आकड्यापुढे दमतात.

मागच्या रांगेतून प्राध्यापकांचा प्रश्न आला, “उलटं येणं अवघडच आहे हे सिद्ध झालंय का?”

“नाही.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. माझ्या मते सगळ्या भाषणातला हा सर्वांत मोलाचा क्षण. सामान्यांसमोर बोलताना वक्ते इथे हमखास गुळमुळीत होतात. मॅडमनी उलट उदाहरण दिलं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी आपल्या आरएसए पद्धतीसाठी (मोठ्या संख्येचे अविभाज्य अवयव शोधणं अवघड, यावर उभी असलेली दुसरी पद्धत) १२९ अंकी संख्या फोडायचं, म्हणजे तिचे अवयव काढायचं, जाहीर आव्हान दिलं होतं, बक्षीस १०० डॉलर. ते फुटायला कोट्यवधी वर्षं लागतील असा अंदाज होता. १९९४ मध्ये इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांच्या मदतीने ती संख्या फोडली गेली. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. म्हणून आज सहाशेच्या वर अंक वापरतात. आपला भरवसा आहे तो इतकी वर्षं इतक्या हुशार माणसांनी डोकं आपटूनही सोपी वाट सापडली नाही यावर.

चुकीच्या जागी पडलेल्या टाळ्या

आरएसए समजावताना त्यांनी ५५ घेतला, म्हणजे ५ गुणिले ११. दोन्हींतून एकेक वजा करून गुणलं की ४०. निरोप बंद करायची, सगळ्यांना ठाऊक असलेली जाहीर किल्ली ३. निरोप उघडायची, फक्त आपल्याकडची खासगी किल्ली म्हणजे अशी संख्या, की तिला ३ ने गुणून ४० ने भागलं तर बाकी १ उरेल. उत्तर २७, कारण ३ गुणिले २७ म्हणजे ८१. ही संख्या शोधायची रीत म्हणजे आपला कुट्टक. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास तो दिला, भास्कराचार्यांच्या लीलावतीत तो आहे. मोठ्या आकड्यांसाठी संगणक मुळात हीच भागाकारांची साखळी चालवतो.

दिवसातल्या सगळ्यांत जोरदार टाळ्या इथे पडल्या. “आपल्याकडं सगळं होतंच की!” असा आवाजही आला. मॅडमनी टाळ्या संपू दिल्या आणि मग म्हणाल्या, कुट्टक ग्रहगणितासाठी तयार झाला, गुप्त संदेशांशी त्याचा संबंध यायला १९७७ उजाडावं लागलं, आणि भारतीय कामगिरीचं कौतुक करायचं तर २००२ चं करा. त्या वर्षी आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या अविभाज्य आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ठरवण्याची पहिली सर्वसाधारण रीत दिली. संख्या अविभाज्य नाही हे कळलं तरी तिचे अवयव कोणते हे कळत नाही, आरएसए त्याच फटीवर उभी आहे. या वेळी टाळ्या कमी पडल्या, पण पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन प्रश्न

प्रश्नोत्तरांत आधी आण्णा उठले. “मॅडम, रुमालाखाली हात कुणाचा हाय हे आपल्याला दिसतंय. तुमच्या ह्या ओरडायच्या सौद्यात पलीकडनं ओरडणारा गुरुजीच हाय, हे मला कसं कळायचं? मधीच कुणीतरी गुरुजींचा आवाज काढला म्हंजे?”

शाळेपुढे फारसं न गेलेल्या माणसाने बाजारात काढलेल्या आयुष्याच्या जोरावर डिफी-हेलमनच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. मधला भामटा गुरुजींशी आण्णा बनून आणि आण्णांशी गुरुजी बनून दोन वेगळे गुप्त आकडे ठरवू शकतो, आणि दोघांनाही पत्ता लागत नाही. नुसतं ते गणित याला अडवत नाही. मॅडमनी दोन पोरांना पुढे बोलावलं, व्हॉट्सॲपवर एकमेकांच्या नावावर जाऊन ‘एन्क्रिप्शन’ (संदेश गुप्त करणं) उघडायला सांगितलं. दोघांच्या किल्ल्यांवरून निघणारे पाच-पाच आकड्यांचे बारा गट, एकूण साठ आकडे. एकाने वाचले, दुसऱ्याने आपल्या फोनवर ताडून बघितले. जुळले, म्हणजे मध्ये कुणी नाही. गेली कित्येक वर्षं हे प्रत्येकाच्या खिशात आहे आणि हॉलमधल्या एकानेही ते पूर्वी उघडलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा आवाज आधीपासूनच चढलेला होता. “गणित एवढं घट्ट हाय म्हणताय, मग माझं पैसं गेलं कुठनं?” त्यांना वीजबिल अपडेट नाही, रात्री कनेक्शन तोडणार, असा मेसेज आला होता. दिलेल्या नंबरवर त्यांनी फोन केला, समोरच्याने एक ॲप घ्यायला लावलं, त्या ॲपमधून त्याला यांचा स्क्रीन दिसत राहिला. पुढचं सांगायला नको.

आमचे अध्यक्ष “वैयक्तिक प्रश्न नकोत” म्हणून पुढे सरसावले, मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं. “काका, गणित फुटलं नाही. तुमचा फोन आणि बँक यांच्यातलं बोलणं कुणी ऐकलं नाही. तुमचा स्क्रीन त्या माणसापर्यंत गेला तोसुद्धा बहुधा एन्क्रिप्ट होऊनच गेला असेल. गणिताने त्याचं काम चोख केलं, पण पलीकडे कोण आहे ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.”

काका खाली बसले. समाधान झालं असं काही दिसलं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

माझं निदान

नंतरच्या बैठकीत सेक्रेटरींचा अभिप्राय आला, “विषय जड झाला, गणित कमी हवं होतं.” हा निष्कर्ष मला सपशेल चुकीचा वाटतो. लोक उठून गेले ते एनिग्माच्या फोटोंना. १९ च्या फळ्यासमोरून एकही जण हलला नाही. ऐंशीच्या घरातले गुरुजी भर सभेत बाक्या काढत होते. पोराने किल्ली फोडली ती हातात वही होती म्हणून. आकडे लहान असले आणि हिशेब लोकांच्याच हातात असला, तर गणित जड होत नाही.

अडलं ते क्रमापाशी. क्रिप्टोग्राफीत दोन वेगळी कामं आहेत: बोलणं कुणी ऐकू नये हे एक, आणि पलीकडचा माणूस तोच आहे याची खूण पटावी हे दुसरं. पहिल्याचं गणित देखणं, म्हणून वक्ते त्यातच रमतात. लोक मात्र दुसरं घेऊन येतात, कारण त्यांना ठेच लागलीय ती तिथे. आण्णा आणि ते काका एकच गोष्ट विचारत होते, आणि दोघांनाही ती भाषण संपल्यावर विचारावी लागली. दुसऱ्या कामाला गणित लागत नाही असंही नाही, डिजिटल सहीमागे तीच आरएसए आहे. ब्राउझरमधलं कुलपाचं चिन्ह बघा. त्याचा अर्थ वाटेत कुणी ऐकत नाही एवढाच. पलीकडे भामट्याने उभी केलेली साइट असली तरी कुलूप दिसायचंच. लोक त्याला प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र समजायला लागले, म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या पट्टीतून ते चिन्ह काढून टाकलं. हे भाषणात यायला हवं होतं, पहिल्या दहा मिनिटांत.

दुसरी खेप

पुढच्याच आठवड्यात हेच भाषण एका ज्युनिअर कॉलेजात होतं. मॅडमनी ते उलटं करून आणलं. सुरुवातच ‘पलीकडे कोण?’ इथून. एनिग्मा गेला, सीझरही गेला. फळ्यावर ५५ आणि ३ लिहिले आणि म्हणाल्या, माझा निरोप आहे १३ आणि त्यावर माझी सही आहे ७. खरी आहे का तपासा. मुलांनी सातचा घन केला, ३४३, त्यातून ३३० गेले, उरले १३. सही खरी. मग त्यांनी निरोप १४ करून सही ७ च ठेवली, ती अर्थातच जुळेना. सही तपासणं सगळ्यांना जमतं, करायला मात्र ते २७ लागतात. एका मुलीने लगेच ५५ चे अवयव काढून २७ पर्यंत मजल मारली आणि मॅडमच्या नावाने खोटी सही करून दाखवली. म्हणजे पोराने पेठेत जे केलं तेच, वेगळ्या वाटेने. खऱ्या वापरात आकडे प्रचंड असतात, आणि सही थेट निरोपावर न करता आधी त्याचं ठरावीक लांबीचं सार काढून त्यावर करतात, हेही सांगितलं.

सगळंच जमलं असं नाही. साइटच्या प्रमाणपत्रांवर कोण सही करतं आणि त्या सही करणाऱ्यावर कुणाची सही असते, ही साखळी सांगताना मुलं पेंगायला लागली. कुट्टकाला वेळच उरला नाही. पण शेवटी आलेले प्रश्न पहिल्यापेक्षा नेमके होते. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला सही मागता येते का, असं एकाने विचारलं. साध्या फोन कॉलवर ऐकणाऱ्याला तपासता येईल अशी सही नसते, म्हणून फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण लावायचा, हे उत्तर द्यायला मॅडमना सावधगिरीच्या सूचनांची यादी वाचावी लागली नाही.

दोन्ही ठिकाणी एक प्रश्न मात्र उधारीवर राहिला: क्वांटम संगणक (क्वांटम भौतिकीच्या नियमांवर चालणारे नव्या जातीचे संगणक) आले की काय? पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलंय, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक ५५ चा खेळ आणि १९ चा खेळ दोन्ही मोडीत काढेल. त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली. त्यांतली मुख्य पद्धत बिंदूंच्या जाळ्यांवरच्या गणितावर उभी आहे. समितीने पुढचं भाषण यावरच मागितलं. मॅडमची अडचण अशी, की दोन मितींतलं जाळं फळ्यावर काढता येतं, पण दोन मितींत जाळ्यातला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा प्रश्न सोपाच असतो. अवघडपणा येतो शेकडो मितींत. गुरुजी आणि आण्णांना हाताने करता येईल असं उदाहरण अजून त्यांच्या हाती लागलेलं नाही. दिवाळीनंतरची एक तारीख आम्ही मोकळी ठेवलीय. भाषणाला नाव या वेळी त्याच देणार आहेत, समितीने त्यात पडायचं नाही असं ठरलंय.